सगळ्यांच्या मागे खोब्रागडे काकू

“बसल्या होत्या म्हणे काकू. खाली, दगडावर.”

गेटजवळ हेल्मेट काढत असताना मागून हे ऐकू आलं. एक बाई दुसरीच्या कानाशी बोलत होती. कुणाला दवाखान्यात भरती केल्याची बातमी सांगावी तसा तिचा आवाज खाली गेला होता. दुसरीने विचारलं, खरंच बसल्या होत्या का, आणि पहिली म्हणाली, बोंद्रेंनी स्वतः पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं, कारण मीही पाहिलं होतं. मी हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं आणि स्कूटीच्या डिकीत काहीतरी शोधू लागले. डिकीत काही नव्हतं.

साठी ओलांडलेली एक बाई जंगलात दगडावर बसली, यात बातमी काय, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी खोब्रागडे काकू माहीत हव्यात.

काटोल रोडने शहर मागे पडलं की तळ्याच्या पलीकडे एक नाला लागतो. नाल्याच्या दोन्ही काठांना साग, मोह आणि बांबूचं जंगल आहे आणि त्यातून एक पायवाट जाते. गेटपासून उजव्या काठाने वर जायचं, अर्ध्यावर जुना दगडी बंधारा आहे त्यावरून नाला ओलांडायचा, आणि डाव्या काठाने पुन्हा गेटवर यायचं. चढ फार नाही, पण घरी गेल्यावर पाय बोलतात. याला आमच्यात नुसतं ‘फेरा’ म्हणतात. दर रविवारी सकाळी दहा-वीस जण जमतात. बहुतेक निवृत्त, काही डायबिटीसवाले, एक-दोन माझ्यासारखे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हुडकेश्वरहून यायचे. रविवारी मला घरात थांबवत नसे. आमच्याकडे तो पाहुण्यांचा आणि मुलांचे बायोडेटा समोर ठेवण्याचा दिवस होता. मला शाळेपासून इंग्रजीत लिहायची सवय, घरात मराठी, रस्त्यावर हिंदी. तिन्ही भाषांत मला उत्तम गप्प बसता येतं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिले. मागच्या माणसाशी कोणी बोलत नाही, असा माझा अंदाज होता. थोड्या वेळाने माझ्याही मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर एक बुटकी, काळीसावळी बाई. फिकट सलवार-कमीज, खांद्यावर सुती टॉवेल, पायात मुलाचे जुने क्रिकेटचे बूट. त्यांनी हाताने मला पुढे व्हायची खूण केली. मी इंग्रजीत म्हटलं की मी मागेच ठीक आहे.

“मागची जागा माही आहे वं,” त्या म्हणाल्या. “पुढची कोणतीबी घे.”

ती जागा खरंच त्यांची होती. सगळ्यात शेवटचा माणूस त्याच. पुढे बोंद्रे काका, मागे खोब्रागडे काकू, आणि मध्ये बाकीचे. बोंद्रे काका म्हणजे निवृत्त इंजिनियर, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आणि झाडांचे जाणकार. ते प्रत्येक झाडाचं मराठी नाव सांगत, मग लॅटिन सांगत, मग मागे वळून आपण ऐकलं का ते बघत. काकूंनी एकदा शांतपणे विचारलं, “झाडाले माहीत आहे का त्याचं नाव?” त्यांची स्वतःची नावं होती. खवल्याखवल्यांच्या सालीचा ऐन म्हणजे ‘मगर’. नाल्यावर वाकलेला अर्जुन म्हणजे ‘वाकडा मामा’. वाटेत एका ठिकाणी वेलींचा गुंता होता, त्याला त्या ‘जुनी केबल’ म्हणत. तिथून जाताना दर वेळी एकदा हात लावून पुढे जात.

केबलचं कारण त्यांची नोकरी. काकू टेलिफोनच्या खात्यात ऑपरेटर होत्या. अगदी कोवळ्या वयात लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत एका खुर्चीवर बसल्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, वर घड्याळ. उठायचं तर विचारून उठायचं. पुढे बोर्ड गेले, संगणक आले, पण खुर्ची तीच. मुलगा पोटात असतानाही त्या तिच्यावर बसल्या आणि नवरा वारल्यावर तेराव्या दिवशी परत जाऊनही तिच्यावरच. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना भेट म्हणून काय द्यावं, तर एक आरामखुर्ची. ती त्यांनी रिक्षातून उतरवलीच नाही, रिक्षावाल्याला देऊन टाकली.

“माहं बसणं होऊन गेलं,” एवढंच त्या सांगत.

आणि खरोखर, त्या बसत नसत. घरी ओट्याजवळ उभ्या राहून जेवत. टीव्ही पाहायचा तर इस्त्री करत पाहत. लग्नांमध्ये पंगती जाऊन बुफे आला तेव्हा जगात सगळ्यात जास्त आनंद आपल्याला झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. विहारात वंदनेपुरत्या मांडी घालत, आणि वंदना संपली की सगळ्यांच्या आधी उठत. फेऱ्याच्या अर्ध्यावर बंधाऱ्याशी बाकीचे दगडांवर टेकत, डबे उघडत. काकू मात्र पाण्याकडे तोंड करून उभ्या असत आणि एकदा डावी, एकदा उजवी टाच उचलत राहत, जमीन तापली असावी तशी. त्यांच्याकडे पाहून आपलेही पाय हुळहुळायला लागत. पाच मिनिटांवर कोणी बसून राहिलं की त्या ऑफिसचा आवाज काढत. एरवी त्या आमच्या नागपुरी वळणाचं बोलायच्या, पण ऑफिसचा आवाज वेगळा होता, गुळगुळीत, प्रत्येक अक्षर स्वच्छ. “कृपया लक्ष द्या. आपला वेळ संपत आला आहे.” चकल्या खाणारे लोक हसत हसत उठत.

परत जाताना मी त्यांना स्कूटीवरून अजनीला सोडायचे. त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं. स्कूटीवर बसणं हे त्यांच्या हिशेबी बसणं नव्हतं, कारण “गाडी चालून राहिली ना.” पण सिग्नल लाल झाला की त्या खाली उतरत आणि स्कूटीशेजारी उभ्या राहत. हिरवा झाला की चढत. पहिल्या वेळी मागच्या कारवाल्याने हॉर्न वाजवला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू वळून त्याला म्हणाल्या, थांब गा, तुही गाडी तुले सोडून चालली नाही कुठं.

माझ्या गप्प बसण्याविषयी त्या एकदाच बोलल्या.

“काहून वं, तुले कोणी बोलू नको म्हणलं का?”

मी मान हलवली.

“मंग बोलशीन, बोलशीन. घाई नाही.”

त्यानंतर त्यांनी मला कधी बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. माझ्या मागून चालताना त्या त्यांचं त्यांचं बोलत, मी ऐकत असे. वडील कन्हानजवळच्या खेड्यातून धम्मदीक्षेला पायी आले होते, आणि आयुष्यभर ते त्या चालण्याबद्दलच बोलायचे, दीक्षेबद्दल कमी. “माहा बाप म्हणे, पोरी, त्या रस्त्यावर कोणी कोणाले मागं सोडलं नाही.” दसऱ्याला काकू फेऱ्यावर येत नसत. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वस्तीतल्या बायांचा पाण्याचा स्टॉल असे, तिथे दिवसभर उभ्या राहून ग्लास भरत. एकदा मी गर्दीतून त्यांना पाहिलं. कोपरापर्यंत ओले हात, आणि टाचा वर-खाली. मी हाक मारली नाही. त्यांनीच पाहिलं आणि एक ग्लास पुढे केला.

मला फेरा त्यांच्यामुळे ऋतूंनी आठवतो. होळीच्या सुमारास सागाची पानं गळून वाटेवर थर बसत, आणि सगळे चालायला लागले की पापड मोडावेत असा आवाज. त्या आवाजात कोणाला कोणाशी बोलता येत नसे, मला तो महिना सगळ्यात आवडायचा. काकूंना मुळीच नाही, कारण पुढच्यांचे आवाज ऐकू येत नसत आणि त्या दर वळणावर डोकी मोजायला धावत येत. मे महिन्यात आम्ही उजाडायच्या आत निघायचो. नाल्याची रेती व्हायची, मध्ये दोन-चार डबकी. पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटून पाय जड व्हायचे आणि सागाला पांढरा मोहर यायचा. थंडीत पाण्यावर वाफ असायची, काकू मुलाचा कॉलेजातला स्वेटर घालून यायच्या आणि बाह्या कोपरापर्यंत सारून ठेवायच्या. चालली की गरम होते, म्हणायच्या. थांबली की थंडी वाजते, म्हणून थांबायचं नाही.

त्याच थंडीतली एक गोष्ट. एका मुलाला घरून नकार कळवला होता, तरी तो मला फोन करत राहायचा. दिवसातून बऱ्याचदा. मी उचलत नसे आणि ब्लॉकही करत नसे, कारण ब्लॉक करणं म्हणजे काहीतरी बोलल्यासारखंच वाटायचं. बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे रेंज असते, तिथे माझा फोन खिशात थरथरला. पुन्हा थरथरला. काकूंनी मागून विचारलं, कोण आहे. मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

“नमस्कार,” ऑफिसच्या आवाजात काकू म्हणाल्या. “आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती आपल्याशी बोलू इच्छित नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करू नये.”

मग हेच हिंदीत. मग इंग्रजीत. मग फोन परत देऊन म्हणाल्या, तिन्ही भाषेत सांगतलं, आता त्याले समजलं नाही तर त्याचा प्रॉब्लेम. तो फोन पुन्हा आला नाही. मी एवढी हसले की बोंद्रे काका काय झालं म्हणून मागे आले. सांगितलं मात्र आम्ही दोघींनीही नाही.

आता त्या दगडाकडे येते.

गर्दी असली की आम्ही दोन टोळ्या करायचो. एक उजव्या काठाने वर जाणार, दुसरी डाव्या काठाने. दोन्ही बंधाऱ्यावर भेटणार, खाणार, बोलणार, आणि मग आपापल्या दिशेने पुढे. त्यामुळे प्रत्येकाचा फेरा पूर्ण व्हायचा आणि अरुंद वाटेवर खोळंबा होत नसे. बंधाऱ्यावर माणसं कधीकधी टोळी बदलायची, गप्पा अर्ध्या राहिल्या म्हणून, किंवा आल्या वाटेनेच परत जावंसं वाटलं म्हणून. एकच नियम होता, टोळी बदलली तर आपल्या टोळीतल्या शेवटच्या माणसाला सांगायचं. तो नियम काकूंनीच घातला होता. शेवटच्या माणसाची काळजी कोणी करायची, याचा नियम कोणी घातला नव्हता.

पोळा होऊन गेला होता, पाऊस उतरणीला लागला होता. त्या रविवारी बोंद्रे काकांची भाची आणि तिचा नवरा आले होते, बंगळुरूचे, नवीन लग्न झालेले. ते काकूंच्या टोळीत होते, डाव्या काठाने. मी उजव्या काठाने बोंद्रे काकांच्या टोळीत. बंधाऱ्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. काकू मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्हीकडच्या लोकांना हात देऊन देऊन पार केलं. बराच गोंधळ होता, चपला हातात, कोणी किंचाळत, कोणी फोटो काढत.

भाची आणि तिचा नवरा पार झालेच नाहीत. ते आधीच, वर एक छोटा धबधबा आहे म्हणून, डाव्या काठाने पुढे बघायला गेले होते. त्यांना जाताना काकूंनी पाहिलं होतं. पण ते परत आले बांबूच्या बेटामागून, आणि तोवर आमची टोळी नाला ओलांडून डाव्या काठाने निघाली होती. मामा दिसल्यावर ते आमच्यात मिसळले. पुढचा सगळा रस्ता ते माझ्यापुढे चालत होते. मुलीच्या पाठीवर पिवळी सॅक होती.

आम्ही निघताना मी मागे पाहिलं तेव्हा काकू बंधाऱ्यावर होत्या, त्यांच्या टोळीतली दोन-तीन माणसं जवळ होती. मला वाटलं, त्या त्यांच्यासोबत जाणार. त्यांची टोळी निघताना त्यांनी मागे पाहिलं तेव्हा आमची शेवटची माणसं काकूंजवळून जात होती. त्यांना वाटलं, आज काकू तिकडून येणार. मग दोन्हीकडे वळणं लागली आणि बंधारा दिसेनासा झाला.

गेटवर आलो तर दुसरी टोळी आधीच येऊन पांगली होती. मी स्कूटीजवळ थांबले. लोक म्हणाले, काकू त्यांच्यापैकी कोणाच्या तरी गाडीने गेल्या असतील. पण अजनीला जायचं असताना त्या मला सांगितल्याशिवाय गेल्या नसत्या. त्यांचा फोन लागेना, बंधाऱ्याजवळ रेंज नाही. मी दुसऱ्या टोळीतल्या एका बाईंना फोन केला. फारशी ओळख नसलेल्या माणसाला फोन करणं मला जमत नाही, तरी केला. त्या म्हणाल्या, “अगं, तुमच्यासोबत होत्या ना त्या?”

मी, बोंद्रे काका आणि गेटवरचे चौकीदार परत गेलो. काका दर वळणावर हाक मारत होते आणि प्रत्येक हाकेबरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. माणूस म्हणून ते वाईट नाहीत, हे इथेच सांगते. त्यांना त्या दिवशी खरोखर भीती वाटली होती.

काकू बंधाऱ्याच्या डाव्या बाजूला एका दगडावर बसल्या होत्या. तोंड धबधब्याच्या दिशेला. टॉवेल डोक्यावर. पाय एकदम स्थिर, ते मला आधी दिसलं. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला.

“ते दोघं भेटले का?”

कोण दोघं, असं काकांनी विचारलं.

“तुमची भाची न् जावई. वर गेले ते आलेच नाही. म्या वरपर्यंत जाऊन पाहिलं. आवाज देऊन देऊन गळा बसला.”

“काकू,” बोंद्रे काका फार हळुवार आवाजात म्हणाले, “ते दोघं माझ्यासोबत आले. गाडीत बसलेत. तुम्ही चला बरं आता.”

काका आणि चौकीदार यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती एक नजर मी विसरू शकत नाही. तिच्यात दया होती, आणि सुटकाही होती. सापडल्या एकदाच्या, आणि का हरवल्या तेही कळलं.

गेटवर पोहोचायच्या आत रेंज आली आणि काकांनी पुण्याला संदीपला, काकूंच्या मुलाला, फोन केला. थोड्या भांबावल्या होत्या, असं म्हणाले. कधी बसत नाहीत, बसलेल्या सापडल्या. समोर नसलेल्या माणसांची वाट पाहत होत्या. त्यांच्यापुरतं प्रत्येक वाक्य खरं होतं. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला की काकू वाट चुकल्या होत्या, आता सुखरूप आहेत. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. एकाने लिहिलं, गोल वाट आहे, कुठूनही चाललं तरी गेटच येतं, तिथे चुकल्या म्हणजे वय झालं. यावरही हात जोडलेले.

संदीप आला. शांत, कष्टाळू मुलगा, आईवर जीव असलेला. त्याने रजा काढली, रामदासपेठेत एका डॉक्टरकडे आईला नेलं. डॉक्टरने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. “म्या म्हटलं, आधी तू करून दाखव,” काकूंनी मला सांगितलं. “तो अडकला ना शहाऐंशीवर.” मग त्यांनी शेवटपर्यंत वजा करून दाखवले. डॉक्टर म्हणाला, सगळं ठीक आहे. संदीप म्हणाला, आज ठीक आहे. आणि डॉक्टरशी अशी वागली म्हणजे चिडचिड वाढली आहे, तेही एक लक्षण असतं, त्याने वाचलं होतं. पुण्याचं तिकीट काढलं.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून सुटून अजनीला गेले. काकू अंगणात उभ्या होत्या, कुंड्या इकडच्या तिकडे करत. एकच कुंडी तीनदा हलवली. त्याच बोलल्या, माझ्याकडे न बघता.

“जाईन ना मी पुण्याले. पोरगं एकटं आहे, त्याची बायको नोकरीवर. मले काय, तिथंबी चालीन. पण हरवली म्हणून नाही जायचं मले, मिनू.” त्यांनी हात झटकले, माती उडाली. “सांगून पाहिलं. संदीपले सांगितलं, बोंद्रेले सांगितलं. हो काकू, हो काकू करतेत. जितकं समजावते ना, तितकी म्हातारी होऊन राहिली मी त्याईच्या नजरेत.”

मग त्यांनी कुंडी चौथ्यांदा उचलली. मी त्यांना सांगितलं, ते दोघं आमच्या टोळीत कसे आले, बांबूच्या मागून, माझ्यासमोर. पिवळी सॅक. त्या ऐकत होत्या. कुंडी हातातच होती.

“म्हणजे होते ते तिथं,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं होतं का मीच…”

त्या चार-पाच दिवसांत त्यांना स्वतःचाही भरवसा वाटेनासा झाला होता, हे मला तेव्हा कळलं. बंधाऱ्याच्या पाण्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. रात्री जेवताना, ऑफिसात स्क्रीनसमोर, माझे पाय टेबलाखाली आपोआप हलत राहिले. बोंद्रे काकांसाठी मेसेज इंग्रजीत लिहिला, मराठीत लिहिला, दोन्ही खोडले. लिहून पाठवलेल्या गोष्टीवर ते हात जोडलेलं चित्र टाकतील, आणि ती तिथेच संपेल, असं वाटत राहिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. काकू पुण्याला गेल्या. आता तिथेच असतात. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी चालणाऱ्या बायकांचा एक घोळका त्यांनी जमवला आहे, आणि सून सांगते की त्या सगळ्यात मागे असतात. मला महिन्यातून एकदा फोन येतो. फोनवर मागे वाहनांचे आवाज असतात, कारण त्या चालत बोलतात. पण मला त्या आठवतात त्या निघण्याआधीच्या रविवारी, अजनीच्या घरात.

आमच्यातले आठ-दहा जण निरोप द्यायला गेले होते. शाल होती, नारळ होता, कोणीतरी पेढे आणले होते. छोटी बैठकीची खोली. दिवाणावर संदीप, खुर्च्यांवर बाकीचे, मी दाराजवळच्या स्टुलावर. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. केस नीट विंचरलेले, नवी साडी. बोंद्रे काकांनी शाल घातली, त्यासाठी त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. मग काका बोलायला लागले. छान बोलत होते. इतक्या वर्षांत काकूंनी कोणाला मागे राहू दिलं नाही, असं म्हणाले. मग म्हणाले की शरीर कोणाचं ऐकत नाही. त्या दिवशी वाट विसरली, यात लाजण्यासारखं काही नाही, आपण सगळेच त्या रांगेत आहोत. आणि ते दोघं हरवले असं काकूंना वाटलं, यातूनसुद्धा त्यांची मायाच दिसते.

दोघी-तिघींनी डोळे पुसले. संदीपने मान खाली घातली.

काकूंनी तोंड उघडलं. मला दिसलं की त्या सांगणार आहेत, सगळं, पुन्हा एकदा, धबधबा, आवाज देणं, गळा बसणं. मग त्यांनी खोलीतल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे, मोजल्यासारखं, आणि तोंड मिटलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

माझ्या जिभेवर आधी इंग्रजी आलं, एक्सक्यूज मी. ते गिळलं. आवाज निघाला तो माझा वाटला नाही, एवढा मोठा निघाला. कोणीतरी दचकलं.

“बोंद्रे काका, तुमची भाची आणि जावई काकूंच्या टोळीत होते. ते बांबूमागून येऊन आपल्यात मिसळले, गेटपर्यंत माझ्यासमोर चालत होते. काकूंना कोणीच सांगितलं नाही. संदीपदादा, तुम्ही पण ऐका. आई हरवल्या नव्हत्या. ड्युटीवर होत्या.”